धुणे, सारवणे आणि एक इंग्रजी क्रियापद

इंग्रजी-मराठी शब्दकोशात 'वॉश' या शब्दापुढे 'धुणे' असे लिहिलेले असते आणि बहुतेकांचे तेवढ्यावर समाधान होते. शाळेच्या पहिल्या एकदोन वर्षांत शिकलेल्या शब्दांपैकी तो एक. त्यात काही अडचण दडली असेल अशी शंका कुणाला येत नाही. आम्हांला मात्र गेली काही वर्षे या शब्दाने छळले आहे, आणि त्याला कारण भाषांतराचा वर्ग. विद्यार्थ्यांकडून इंग्रजी उतारे मराठीत करून घेताना कठीण शब्द फारसा त्रास देत नाहीत, कारण त्यांच्यासाठी कोश उघडला जातो. त्रास देतात ते सोपे शब्द. त्यांच्यासाठी कोश उघडण्याची गरज कुणालाच वाटत नाही.

इंग्रजीत हात, कपडे, भांडी, भाजी, केस, तान्हे मूल, मोटार आणि पाप या सर्वांना एकच क्रियापद चालते. मराठी घरात तसे नाही. भांडी घासतात आणि मग विसळतात. कपडे भिजवतात, चुबकतात, आपटतात, खळबळून काढतात, पिळतात, आणि या साऱ्याला मिळून धुणे म्हणतात. डोक्यावरून घेतात ते न्हाणे, रोजची ती आंघोळ. तोंडात पाणी खुळखुळवून टाकून दिले तर ती चूळ. फरशी पुसायची, अंगणात सडा घालायचा. पूजेला बसले की प्रक्षालन, मार्जन, आचमन ही संस्कृत मंडळी हजर होतात. मराठीची श्रीमंती सांगून स्वतःची पाठ थोपटून घेण्याचा आमचा इरादा नाही. इंग्रजीतही रिन्स आहे, स्क्रब आहे, स्कावर आहे. फरक इतकाच, की इंग्रजीत या सर्वांवर छत्र धरणारा एक शब्द आहे आणि बोलणारा माणूस बहुधा त्या छत्राखालीच उभा राहतो.

'वॉश' हा जर्मानिक कुळातला जुना शब्द. 'वॉटर'शी त्याचे सख्खे नाते मानले जाते. पाण्यासाठी जो मूळ इंडो-युरोपीय धातू कल्पिलेला आहे, त्यातूनच संस्कृतातले 'उदक' आले. म्हणजे 'वॉश' आणि आपले 'उदक' ही दूरची भावंडे झाली. 'धुणे'चे घराणे निराळे आहे. ते संस्कृतातल्या 'धाव्' या धातूकडे जाते. तो एकीकडे पळण्याचा अर्थ सांगतो आणि दुसरीकडे स्वच्छ करण्याचा. 'धौत' हे रूप त्या दुसऱ्या अर्थाचे. तेव्हा इंग्रजी शब्दाच्या पोटात पाणी आहे, मराठी शब्दाच्या पोटात नुसती क्रिया. व्युत्पत्तीवरून तत्त्वज्ञान काढू नये असे आम्ही विद्यार्थ्यांना बजावत असतो, म्हणून इथेही अधिक काढत नाही. 'उदक' तेवढे ध्यानात ठेवावे, ते पुढे लागणार आहे.

सगळ्यांत आधी गोंधळ होतो तो हात धुण्यात. मत्तयकृत शुभवर्तमानाच्या सत्ताविसाव्या अध्यायात पिलात जमावासमोर पाणी मागवून हात धुतो आणि या निरपराध माणसाच्या रक्ताशी आपला संबंध नाही असे जाहीर करतो. त्या प्रसंगातून इंग्रजीला एक वाक्प्रचार मिळाला. एखाद्या गोष्टीतून हात धुणे म्हणजे तिची जबाबदारी नाकारणे. आता मराठीत पाहावे. 'हात धुऊन पाठीस लागणे' म्हणजे जबाबदारी सोडणे तर दूरच, उलट पिच्छा न सोडणे. 'वाहत्या गंगेत हात धुऊन घेणे' म्हणजे आयत्या संधीचा लाभ उठवणे. हात तेच, पाणी तेच, क्रिया तीच. पण एका भाषेत माणूस हात धुऊन निघून जातो, दुसरीत हात धुऊन येतो.

आमच्या वर्गात एकदा वर्तमानपत्रातला उतारा दिला होता. कुणा एका मंत्र्याने एका प्रकल्पाशी आपला काहीही संबंध उरलेला नाही असे सांगितल्याची बातमी होती आणि तिच्यात हा पिलाताचा वाक्प्रचार होता. अर्ध्या वर्गाने लिहिले, 'मंत्र्यांनी त्या प्रकल्पात हात धुऊन घेतले.' मराठी वाचकाला याचा एकच अर्थ कळतो, आणि तो मूळ वाक्याच्या बरोबर उलट दिशेचा. (प्रत्यक्षात दोन्ही अर्थ खरे असण्याची शक्यता असते, हा भाग वेगळा.)

जबाबदारी नाकारायची असली की मराठी माणूस हात झटकतो, हात वर करतो, अंग काढून घेतो. यात कुठेही पाणी नाही. सारा कारभार कोरडा आहे. धूळ झटकावी तशी जबाबदारी झटकली जाते. पिलाताच्या कृतीत जो समारंभ आहे, चारचौघांसमोर पात्रात पाणी मागवून स्वतःला निर्दोष ठरवण्याचा जो विधी आहे, तो 'झटकणे'त येत नाही. पाणी येते ते त्यागाच्या ठिकाणी. दान देताना हातावरून पाणी सोडतात, त्यावरून 'उदक सोडणे' आले. इथे ते दूरचे भावंड भेटते. परंतु उदक सोडणारा माणूस जे आपले होते ते देऊन टाकतो, आणि पिलात जे आपल्याला चिकटेल अशी भीती आहे ते धुऊन टाकतो. दोघांच्याही हातांवर पाणीच आहे. तरीही भाषांतरकाराने एकाच्या जागी दुसऱ्याला बसवले, तर पिलात दानशूर ठरेल.

साहित्याच्या विद्यार्थ्यांना हात धुणे म्हटले की पिलाताआधी मॅकबेथची बायको आठवते. दुसऱ्या अंकात खून नुकताच झालेला आहे. हातावरचे रक्त थोड्याशा पाण्याने जाईल अशी तिची खात्री आहे. मॅकबेथची खात्री नेमकी उलटी. सारा समुद्र पालथा घातला तरी हात स्वच्छ होणार नाहीत, समुद्रच लाल होईल, असे त्याला वाटते. पाचव्या अंकात ती झोपेत चालते आणि हात धुण्याची क्रिया करीत राहते. तिची दासी वैद्याला सांगते की कधी कधी पाव पाव तास हेच चालते. या प्रवेशात पाणी नाही, हे लक्षात घेण्यासारखे आहे. रंगभूमीवर दिसते ते एका हाताने दुसरा हात चोळणे. ते धुणे आहे हे आपल्याला दासीच्या तोंडून कळते.

आता मराठी भाषांतरकाराची अडचण पाहा. दिसणारी क्रिया 'चोळणे' आहे. पण 'हात चोळत बसणे' याला मराठीत आधीच एक अर्थ चिकटलेला आहे. संधी हुकल्यावर चरफडणे, हा तो अर्थ. 'बाईसाहेब हात चोळताहेत' असे दासीने म्हटले, तर प्रेक्षकाच्या मनात क्षणभर का होईना, गमावलेल्या संधीची हळहळ उमटणार. बाईंनी तर संधी अजिबात गमावलेली नाही. शोकांतिका आहे ती संधी साधल्याची. 'धुताहेत' म्हणावे तर समोर पाणी दिसत नाही. 'धुतल्यासारखे करताहेत' म्हटले की ओळ लुळी पडते. शि. म. परांजप्यांच्या 'मानाजीराव'पासून वि. वा. शिरवाडकरांच्या 'राजमुकुट'पर्यंत मॅकबेथ मराठीत वेगवेगळ्या वेषांत येऊन गेला आहे. ही रूपांतरे मुळाशेजारी ठेवून वाचणाऱ्या विद्यार्थ्याने हा एक प्रवेश तरी सावकाश वाचावा, अशी आमची शिफारस आहे. नाटककाराची पारख मोठ्या स्वगतांपेक्षा अशा क्रियापदांवर अधिक होते.

हे सगळे वाक्प्रचारांचे झाले. आम्हांला अधिक खोल वाटणारी गोष्ट निराळीच आहे. 'वॉश' या शब्दाला दोन हात आहेत. एका हाताने तो मळ काढतो आणि दुसऱ्या हाताने वरून लेप देतो. जलरंगाने रंगवणारा चित्रकार कागदावर पातळ रंगाचा सलग थर पसरवतो, त्यालाही 'वॉश' म्हणतात, आणि आपल्याकडच्या चित्रकलेच्या वर्गांतही तोच शब्द चालतो. भिंतीला चुना देतात तो 'व्हाइटवॉश'. यात भिंतीवरचे काही निघून जात नाही. डाग आहे तिथेच राहतो, त्याच्यावर पांढरा पडदा येतो. आणि इंग्रजी भाषा या दोन्ही क्रियांना एकाच शब्दाने हाक मारते. काढून टाकणे आणि झाकून टाकणे यांतला फरक ज्या शब्दाला कळत नाही, तो शब्द राजकारणात लोकप्रिय होणार हे उघडच आहे. एखाद्या चौकशी समितीने अपराध्याला निर्दोष ठरवले की तो अहवाल 'व्हाइटवॉश' ठरतो. पर्यावरणाची काळजी घेत असल्याचा देखावा करणे म्हणजे 'ग्रीनवॉश'. हा शब्द जे वेस्टरवेल्ड यांनी १९८६ साली वापरात आणला असे मानतात, आणि निमित्त होते हॉटेलांतल्या टॉवेलांचे. पृथ्वी वाचवण्यासाठी टॉवेल पुन्हा वापरा, अशी पाटी लावून हॉटेल स्वतःचे धुण्याचे पैसे वाचवत होते. म्हणजे प्रत्यक्षात धुणे टाळण्यातून हा 'वॉश' जन्माला आला. (क्रिकेटमधला 'व्हाइटवॉश' अगदीच वेगळा. २०२४ साली न्यूझीलंडने आपल्याला आपल्याच घरी ३-० असा दिला, त्यात झाकण्यासारखे काही उरले नव्हते.)

'धुणे'ला हा दुसरा हात नाही. धुणे नेहमी काढतेच. 'चोरांनी घर धुऊन नेले' म्हणजे काही शिल्लक ठेवले नाही. गोलंदाजाची धुलाई होते तेव्हा त्याची पत निघून जाते, तिच्यावर लेप चढत नाही. म्हणून 'व्हाइटवॉश'चे भाषांतर 'धुणे'च्या घरात शोधू जाल तर हात हलवत परत याल. ते शेजारच्या घरात आहे, आणि त्या घराचे नाव 'सारवणे'.

शेणाने जमीन सारवणे ही स्वच्छतेचीच क्रिया. पण ती वरून थर देऊन करायची. खाली पोपडे असोत, भेगा असोत, हाताचा एक अर्धगोल फिरला की जमीन गुळगुळीत. जेवणानंतर खरकट्याच्या जागी शेणगोळा फिरवला की जागा शुद्ध झाली. आणि याच क्रियेपासून 'सारवासारव' आली. चूक उघडी पडल्यावर शब्दांचा हात फिरवून ती झाकण्याची धडपड म्हणजे सारवासारव. इंग्रजांनी चुन्यावरून जे ओळखले, ते आमच्या आज्यापणज्यांनी शेणावरून ओळखले होते. थर देऊन केलेल्या स्वच्छतेत लबाडीला जागा असते, हे दोन्ही भाषांना एकमेकींना न विचारता कळले होते. चौकशी अहवालाच्या बातमीत 'व्हाइटवॉश'साठी 'रंगसफेदी' लिहिणारे आम्हांला पटत नाहीत. 'सारवासारव' हा शब्द घरात तयार बसलेला आहे.

डोळ्यांच्या बाबतीत याहून गंमत आहे. इंग्रजीत दिखाऊ, पोकळ कारवाईला 'आयवॉश' म्हणतात. भारतीय इंग्रजीत तर या शब्दावाचून सरकारी कामकाजावर टीका करताच येत नाही. याच अर्थाने मराठीत आपण डोळ्यांत 'धूळफेक' करतो. एकात डोळे धुतले जातात, दुसऱ्यात डोळ्यांत धूळ जाते. फळ मात्र एकच, समोरचे दिसत नाही. इंग्रजीतही धूळ फेकतात, मान्य आहे. पण डोळे धुऊन फसवण्याची कल्पना मराठीला सुचली नाही. 'वॉश'चा तो दुसरा हात, लेप देणारा, इथेही काम करतो आहे असा आमचा तर्क आहे. 'धुणे'ला तो हात असता, तर आपल्यालाही ती कल्पना सुचली असती.

काही अर्थ भराभर ओलांडून जातो. रंग टिकत नाही तसा युक्तिवाद टिकत नाही हे इंग्रजीत 'वॉश होणार नाही' असे सांगतात, आपण 'डाळ शिजणार नाही' म्हणतो. डुकरांना घालण्याचे खरकटे पाणी ते 'हॉगवॉश', आणि त्यावरून निरर्थक बडबडही. इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर 'द वॉश' नावाची एक उथळ खाडी आहे. १२१६ साली तिच्या भरतीत जॉन राजाचे सामानसुमान बुडाले. अमेरिकेच्या नैर्ऋत्येकडील वाळवंटात कोरड्या नदीपात्रालाच 'वॉश' म्हणतात. म्हणजे पाणी नसलेल्या जागेला पाण्याचे नाव. 'ब्रेनवॉश' इंग्रजीत १९५० साली आला. एडवर्ड हंटर या पत्रकाराने एका चिनी शब्दाचे ते शब्दशः भाषांतर केले होते. मराठीने तो तसाच उचलला. आमचा कल मात्र 'बुद्धिभेद' या गीतेतल्या शब्दाकडे आहे. मेंदू धुतला की तो स्वच्छ झाला, असे निदान त्यातून सुचत नाही.

पैशाचे धुणे म्हणजे 'लाँडरिंग'. या शब्दाचे कूळ लॅटिन, पण काम तेच. वॉटरगेट प्रकरणाच्या बातम्यांतून १९७३च्या सुमारास हा शब्द रूढ झाला. आपल्याकडे २००२चा कायदा याच नावाने ओळखला जातो आणि १ जुलै २००५ पासून तो अमलात आहे. मराठी माणूस मात्र पैसा धूत नाही, तो 'काळ्याचा पांढरा' करतो. इथेही आपण पाणी टाळले आणि रंग धरला.

मळके कपडे चारचौघांत धुऊ नयेत असे इंग्रजी शहाणपण सांगते. ते इंग्रजीने फ्रेंचांकडून घेतले. मराठीत अब्रूची लक्तरे वेशीवर टांगतात, आणि 'एकमेकांची धुणी धुणे'ही आहेच. पण वेशीवरची लक्तरे धुतलेली नसतात. ती मळकीच टांगायची असतात, तोच तर हेतू. कपडे धुता धुता दुसऱ्यांच्या घरातले मळ काढणाऱ्या बायका पाहायच्या असतील तर जॉइसच्या 'फिनेगन्स वेक'मधले ॲना लिव्हियाचे प्रकरण उघडावे. लिफी नदीच्या दोन काठांवर दोन परटिणी बोलत असतात. त्यांच्या बोलण्यात जगभरच्या शेकडो नद्यांची नावे मिसळलेली आहेत. अंधार पडत जातो, पात्र रुंदावत जाते, एकीला दुसरीचे ऐकू येईनासे होते, आणि शेवटी एक झाड होते, एक दगड. १९२९ साली जॉइसने या प्रकरणाचा अखेरचा भाग स्वतःच्या आवाजात ध्वनिमुद्रित केला. तो ऐकावा. अर्थ लागला नाही तरी ओल्या कपड्यांचा आवाज कळतो. या प्रकरणाचे मराठी भाषांतर कुणी मनावर घेतले, तर कृष्णा-गोदावरीच्या घाटांवरची बोली त्याला पुरून उरेल असे आमचे मत आहे.

इथवर खेळ होता. आता ज्या शब्दापाशी आमचा वर्ग दरवर्षी अडतो, त्याच्याकडे वळतो. तो म्हणजे 'द ग्रेट अनवॉश्ड'.

एडवर्ड बुल्वर-लिटन यांच्या 'पॉल क्लिफर्ड' (१८३०) या कादंबरीच्या अर्पणपत्रिकेतून हा शब्दप्रयोग पसरला. वादळी रात्रीने सुरू होणारी, पुढे थट्टेचा विषय झालेली ती हीच कादंबरी. 'न धुतलेले' म्हणजे सामान्य, कष्टकरी, गरीब जनता. त्याआधीच्या इंग्रजीत 'अनवॉशन' असे रूप होते. १६११च्या बायबलात ते सापडते, शिष्य हात न धुता जेवतात या परुश्यांच्या तक्रारीच्या संदर्भात. तिथे ते निदान हातांचे विशेषण होते, एका जेवणापुरते. एकोणिसाव्या शतकात ते अख्ख्या वर्गाचे नाव झाले.

न धुतलेले का, हे विचारण्याची गरज बुल्वर-लिटन यांच्या वाचकांना भासली नसावी. धुवायला पाणी लागते, इंधन लागते, जागा लागते. १८३२च्या कॉलऱ्यात लिव्हरपूलच्या किटी विल्किन्सन या कष्टकरी बाईने आपल्या घरातला पाणी तापवायचा बंब शेजाऱ्यांना खुला करून दिला, म्हणजे आजाऱ्यांचे कपडे धुता यावेत. १८४२ साली त्या शहरात सार्वजनिक धुलाईगृह निघाले, आणि १८४६ साली इंग्लंडात सार्वजनिक स्नानगृहांचा व धुलाईगृहांचा कायदा झाला. गरिबांना पाणी मिळाले तेव्हा ते धुऊ लागले, इतकी साधी ती गोष्ट. पुढच्याच वर्षी, १८४७ साली, व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहात इग्नाझ सेमेलवाइस यांनी डॉक्टरांना क्लोरीनच्या द्रावणात हात धुवायला लावले आणि बाळंतिणींचे मृत्यू झपाट्याने कमी झाले. तरी कित्येक डॉक्टरांना तो स्वतःचा अपमान वाटला. न धुतलेले हात कुणाचे होते आणि 'न धुतलेले' हे नाव कुणाला पडले, हे एकमेकांशेजारी ठेवून पाहण्याजोगे आहे.

या शब्दाला मराठीत काय म्हणावे? विद्यार्थी पहिल्यांदा 'पारोसे' म्हणतात. शब्द सुरेख आहे, त्याला इंग्रजीत एकशब्दी जोड नाही. ज्याची आजची आंघोळ व्हायची आहे तो पारोसा. 'पारोशाने देवाला शिवू नकोस' हे घरातल्या कुणालाही ऐकून घ्यावे लागते, आजोबांना आणि नातवालाही. पण पारोसेपणा सकाळचा असतो. दोन तांबे पाणी अंगावर घेतले की तो संपतो. तो एखाद्या वर्गाचे नाव होऊ शकत नाही. हे सांगताना आपल्या भाषेचा थोडा अभिमान वाटू लागतो, आणि नेमक्या याच जागी थांबायला हवे. कारण जो मळ दोन तांबे पाण्याने जात नाही असे ठरवले गेले, त्यासाठीही याच भाषेत शब्द होता. तो 'विटाळ'. रोजचा विटाळ स्नानाने फिटे. काही माणसांचा मात्र कशानेच फिटत नसे. इंग्लंडच्या गरिबाला हिणवणाऱ्यांनी त्याला 'न धुतलेला' म्हटले, म्हणजे धुतला असता तर तो धुतला गेला असता, एवढे तरी त्या शब्दाने कबूल केले. आपल्याकडे पाण्यापाशीच जाऊ द्यायचे नाही, असा बंदोबस्त होता.

महाडच्या चवदार तळ्याचा इतिहास सर्वांना ठाऊक आहे. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले असावेत असा ठराव मुंबई विधिमंडळात १९२३ साली सी. के. बोले यांनी मांडला होता, आणि महाडच्या नगरपालिकेनेही तळे खुले केले होते, कागदावर. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर आणि त्यांच्यासोबतचे हजारो लोक तळ्यावर गेले आणि पाणी प्यायले. त्यानंतर त्यांच्यावर हल्ले झाले. आणि त्यानंतर सनातन्यांनी तळे 'शुद्ध' केले. शेण, गोमूत्र, दूध, दही यांनी भरलेल्या १०८ घागरी मंत्रघोषात तळ्यात रित्या करण्यात आल्या.

या कृतीला कोणते क्रियापद लावायचे? तळे 'धुतले' असे म्हणता येत नाही. पाण्याने सारे धुतात, पाणी कशाने धुणार? तळ्यातून काहीच काढले गेले नाही. तळ्यात ओतले गेले. स्वच्छ पाण्यात शेण कालवून ते स्वच्छ झाल्याचे जाहीर करण्यात आले. इंग्रजी 'वॉश'चा तो दुसरा हात, थर देणारा, आणि आपले 'सारवणे' इथे अक्षरशः एकत्र येतात. पाणी सारवणे असा प्रयोग मराठीत नाही, पण घडले ते तेच. खटला पुढे दहा वर्षे चालला, आणि १९३७ साली मुंबई उच्च न्यायालयाने तळ्यावरचा अस्पृश्यांचा हक्क मान्य केला.

म्हणून 'अनवॉश्ड'साठी मराठी शब्द शोधणे हा आम्हांला शब्दकोशापुरता प्रश्न वाटत नाही. 'मळकी जनता', 'घाणेरडे लोक' असे काही घातले की बुल्वर-लिटन यांची तुच्छता तेवढी येते. पण मराठी वाचकाच्या कानांत तिच्यासोबत आपली जुनी तुच्छताही शिरते, आणि ती कितीतरी पटींनी जड आहे.

अर्थात तुच्छतेत इंग्रजी काही मागे नाही. अशक्य कामासाठी त्या भाषेत एक जुना वाक्प्रचार होता, हबशाला धुऊन गोरा करणे. त्याच्यामागे इसापाची गोष्ट आहे. एकोणिसाव्या शतकातल्या साबणाच्या जाहिरातींनी ही कल्पना चित्रांतून विकली, आणि १८९९ साली पेअर्स साबणाच्या जाहिरातीने गोऱ्या माणसाच्या ओझ्याशी साबणाच्या वडीची सांगड घातली. हाच अर्थ मराठीने सांगितला तो कोळशावर. कोळसा कितीही उगाळला तरी काळाच. म्हणीपुरते तरी आपण माणसाला वगळले, एवढे समाधान आम्ही मानतो, फार नाही.

परटाच्या बाबतीतही असेच. हिंदुस्थानातल्या गोऱ्या फौजेने 'धोबी' हा शब्द उचलला. ब्रिटिश नौदलाच्या बोलीत कपडे धुण्याला आजही तोच शब्द आहे. आणि जांघेत होणाऱ्या बुरशीजन्य खाजेला त्यांनी नाव दिले, 'धोबी इच'. घाम साहेबाचा, हवा उष्ण, आणि दोष कपडे धुणाऱ्याचा. मराठीने परटाला 'परीटघडी' दिली. नीटनेटकेपणाला याहून देखणा शब्द आमच्या माहितीत नाही. पण ती घडी कपड्यांची. परटाला पंगतीत कुठे बसवले जाई, हे त्या शब्दावरून कळत नाही. गाडगेबाबा या परीट समाजातले. त्यांनी हातात खराटा घेतला आणि गावे झाडली. गावकऱ्यांचे कपडे पिढ्यान्‌पिढ्या धुतल्यावर उरलेले काम ते होते, असे म्हणता येईल.

गेल्या वर्षी हाच बुल्वर-लिटन यांचा शब्द आम्ही पुन्हा वर्गात दिला. 'पारोसे', 'गावंढळ', 'बहुजन' (हा तर भलताच), 'मळकट', 'अडाणी' असे नेहमीचे पर्याय आले. एका मुलीने लिहिले होते, 'ज्यांच्या वाट्याला पाणी आले नाही ते सगळे.' आम्ही तिला पूर्ण गुण दिले आणि वर्गात वाचूनही दाखवले. मग एक विद्यार्थी उठून म्हणाला की यात लेखकाचा कुत्सितपणा उरत नाही, हे भाषांतर लेखकापेक्षा चांगले आहे आणि म्हणून चूक आहे. तेही खरेच होते. त्यालाही आम्ही गुण दिले. त्या तासाला एवढेच झाले, पुढचा शब्द 'वॉशआउट' होता आणि घंटा वाजली.